अंगठा का लागत नाही?

रेशनच्या दुकानापुढे रांग लागली आहे. एक म्हातारी पुढे येते, पिशवी खाली ठेवते, आणि यंत्राच्या काचेवर अंगठा टेकते. यंत्र लाल दिवा दाखवते. दुकानदार म्हणतो, "आजी, नीट लावा." आजी पुन्हा लावते. पुन्हा लाल. मग दुसरे बोट, मग तिसरे. शेवटी दुकानदार सांगतो, "थम लागत नाही तुमचा, उद्या या." आजी पिशवी उचलून चालू लागते. तिच्या मनात एवढेच राहते की आपल्याच हातात काही खोट आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी हे दृश्य पाहिले असेल. उधवा हे तलासरी तालुक्यातले, सीमेजवळचे गाव. आसपासच्या पाड्यांवर वारली, धोडी, कोकणा मंडळींची वस्ती. पावसाळ्यात भाताची आवणी, पुढे गवतकापणी, दिवाळीनंतर अनेकांची पावले वीटभट्ट्यांकडे आणि बांधकामांकडे वळतात. म्हणजे हातांचा विसावा असा नाहीच. नेमक्या याच हातांना काचेवर उमटायला सांगितले जाते. तेव्हा "अंगठा लागत नाही" याचा खरा अर्थ काय, हे या लेखात पाहू. नुसते सांगून भागणार नाही. त्याच जातीचे एक लहान यंत्र शाळेच्या टेबलावर आपल्या हातांनी जोडून पाहू. शिक्षकबंधुभगिनींनी मनावर घेतले तर एका दुपारचे काम आहे.

आधी थोडी मागची हकीगत. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराशी रस्त्याच्या सामानाचा करार केला आणि सहीऐवजी त्याच्या पंजाचा ठसा कागदावर घेतला. कोनाईने पुढे करार नाकारू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. पुढे १८९७ साली कलकत्त्यास अंगुलिमुद्रा केंद्र निघाले. तेथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी कर्मचाऱ्यांनी ठशांची वर्गवारी बसवण्यात मोठा वाटा उचलला; पण त्या पद्धतीला नाव मिळाले ते त्यांच्या साहेबाचे, एडवर्ड हेन्रीचे. असो. आपल्या भागात अंगठ्याची आठवण निराळी आणि कडू आहे. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसताना अंगठा उठवायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या वेठ भरायची, ही ती आठवण. तलासरीजवळच्या झरी गावी १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची परिषद भरली ती याच वेठबिगारीविरुद्ध. नंतरच्या काळात अंगठ्याचे काम बदलले. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावी देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. तेव्हापासून अंगठा कबुलीपेक्षा ओळखीसाठी जास्त मागितला जातो.

आता बोटाकडे वळू.

आपल्या अंगठ्याचे पेर उजेडात तिरपे धरून पाहा. नांगरलेल्या वावरात सरी आणि वरंबे असतात तसे बारीक वरंबे तेथे दिसतील. एका वरंब्यापासून दुसऱ्या वरंब्यापर्यंतचे अंतर साधारण अर्धा मिलिमीटर, किंचित कमीच. हे वरंबे मूल आईच्या पोटात तीन महिन्यांचे असताना उमटू लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत कायमचे ठरतात. जुळ्या भावंडांचेही एकमेकांशी जुळत नाहीत. काही बोटांवर वरंबे गोल फिरतात. हात पाहणारे त्याला चक्र म्हणतात. काहींवर एका बाजूने येऊन वळसा घेऊन त्याच बाजूने परततात. त्याला शंख म्हणण्याचा प्रघात आहे. थोड्यांवर नुसती कमान असते. मात्र यंत्र चक्र-शंखावर फारसे विसंबत नाही, कारण ते लाखो लोकांत सारखेच असतात. ते पाहते दोन गोष्टी. वरंबा कुठे एकाएकी संपतो, आणि कुठे फुटून त्याचे दोन होतात. रस्त्यावर आपण ज्याला फाटा म्हणतो तसाच हा फाटा. तलासरीहून निघालेल्या माणसाला कुठे फाटा लागेल आणि कुठे रस्ता संपेल एवढे सांगितले की तो गाव ओळखतो. यंत्रही तसेच टोके आणि फाटे मोजते, त्यांची जागा आणि दिशा टिपून ठेवते. बोटाचा फोटो ठेवण्यापेक्षा ही टिपणे ठेवणे त्याला सोपे जाते.

यंत्र आणण्यापूर्वी एक प्रयोग अवश्य करा. त्याला पैसा लागत नाही. काचेचा गुळगुळीत, नक्षी नसलेला पेला घ्या आणि काठोकाठ पाण्याने भरा. पेला हातात धरून वरून, पाण्यातून, पेल्याच्या आतल्या बाजूकडे तिरपे पाहा. काच आतून चांदीसारखी चकाकताना दिसेल आणि पलीकडची बोटे दिसेनाशी होतील. आता बोट किंचित ओले करून बाहेरून काचेवर दाबा. त्या चांदीत तुमच्या बोटाचे वरंबे एकेक करून उमटलेले दिसतील, जणू कुणी रेघा कोरल्या आहेत. सऱ्या मात्र चकाकतच राहतील. असे का होते? पाण्यातून काचेत तिरपा आलेला उजेड काचेपलीकडे हवा असेल तर बाहेर न पडता पुरता मागे फिरतो. वरंबा काचेला चिकटला की त्या जागी हवा उरत नाही, उजेड कातडीत शिरतो आणि ती जागा काळी दिसते. सरीत हवा असते, म्हणून ती चकाकते. ठसा घेणाऱ्या उजेडाच्या यंत्राचे गुपित एवढेच आहे. त्यात पेल्याऐवजी काचेचा लोलक असतो आणि तुमच्या डोळ्याऐवजी बारीक कॅमेरा.

आता तेच बोट कोरडे ठणठणीत करून दाबा. ठसा तुटक दिसेल. मग पाण्याने निथळणारे बोट लावा. सऱ्यांतही पाणी भरेल आणि सगळा डाग काळा होईल. चुन्यात किंवा सिमेंटमध्ये दिवसभर काम केलेल्या माणसाला, त्याची तयारी असेल तर, तोच पेला धरायला द्या. वरंब्यांची उंचीच झिजलेली असल्यामुळे जेथे रेघ हवी तेथे नुसता भुरका पट्टा दिसेल. आजीच्या अंगठ्याचे निम्मे उत्तर या पेल्यात मिळाले. माझ्या मते मुलांना यंत्र दाखवण्यापूर्वी हा पेला दाखवणे फार महत्त्वाचे. आधी यंत्र दाखवले की मुले दिव्याकडे पाहत बसतात आणि बोट विसरतात.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना शिकवताना बाजारच्या महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, शिंपले वापरले, हे डहाणूकडच्या शिक्षकांना सांगायला नको. आपले पुढचे साधन बाजारचे आहे हे खरे. पण त्याच चालीने ते उघडे करून, त्याच्या आत काय आहे हे बघत बघत वापरता येते.

लागणारे सामान असे. आर्डुइनो उनो नावाची मायक्रोकंट्रोलरची पाटी, तिची यूएसबी वायर, आर-३०७ जातीचा बोटाचा ठसा घेणारा उजेडाचा सेन्सर, वायरी टोचण्याची पांढरी ब्रेडबोर्ड पाटी, पाचसहा जोडवायरी, एक हजार ओहमचा एक आणि दोन हजार ओहमचा एक असे दोन रेझिस्टर, आणि शाळेतला कुठलाही चालता संगणक. काही शाळांत अटल टिंकरिंग लॅब आहे, तेथे आर्डुइनो बहुधा मिळेलच. नसेल तर साध्या नकल-पाटीसह सगळे मिळून दीड-दोन हजारांच्या आसपास येते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला लहानगा संगणक. उनोवरच्या चिपला आज्ञा साठवायला ३२ किलोबाइट आणि काम करताना लागणारी आठवण फक्त २ किलोबाइट असते. एवढ्याशा आठवणीत बोटाचे चित्र मावणारच नाही. म्हणून चित्र घेणे, त्यातून टोके-फाटे काढणे आणि जुळवणे ही सगळी कामे सेन्सरच्या पोटातली निराळी चिप करते. आर्डुइनो फक्त "घे", "जुळव", "पुस" अशा आज्ञा देतो आणि उत्तर ऐकतो. मुकादम आणि मजूर असा हा संबंध आहे, आणि नेहमीप्रमाणे खरे काम मजूरच करतो.

सेन्सरला सहा वायरी असतात. त्यांतल्या चारच आपल्याला हव्यात. रंगांवर भरवसा ठेवू नका. एका कारखान्याची हिरवी ती दुसऱ्याची पांढरी असते. मी स्वतः रंग पाहून जोडणी केली आणि अर्धी दुपार "सेन्सर सापडत नाही" हे एकच वाक्य वाचत बसलो. सेन्सरच्या पाठीवर किंवा सोबतच्या कागदावर अक्षरे छापलेली असतात, ती पाहून जोडा. पाच व्होल्टची वायर आर्डुइनोच्या ५-व्ही खुणेला. जमिनीची, म्हणजे ग्राउंडची, जीएनडी खुणेला. सेन्सर ज्या वायरीतून बोलतो ती टीएक्स, ती आर्डुइनोच्या दोन नंबरला. सेन्सर ज्या वायरीतून ऐकतो ती आरएक्स, ती तीन नंबरला. पण सरळ नको. आर्डुइनो पाच व्होल्टच्या आवाजात बोलतो आणि सेन्सरच्या कानाला तीन पूर्णांक तीन दशांश व्होल्टच सोसतात. म्हणून तीन नंबरच्या खुणेपासून आरएक्सपर्यंत हजार ओहमचा रेझिस्टर लावा आणि आरएक्सपासून ग्राउंडपर्यंत दोन हजारांचा. पाच व्होल्टचे तीन भाग पडतात, त्यांतले दोन भाग, म्हणजे ३.३ व्होल्ट, सेन्सरच्या कानी जातात. पुष्कळ लोक हे रेझिस्टर न लावताच जोडतात आणि बहुधा काही बिघडतही नाही. पण शाळेने उसनवारीवर आणलेला सेन्सर असेल तर बहुधावर विसंबू नये. जोडणी होईपर्यंत यूएसबी वायर संगणकाला लावू नका.

संगणकावर आर्डुइनोची फुकट मिळणारी प्रणाली उतरवून घ्या. तिच्यातल्या लायब्ररींच्या यादीत अ‍ॅडाफ्रूट या नावाची फिंगरप्रिंट सेन्सर लायब्ररी आहे, ती बसवा. हे काम आदल्या दिवशी, नेट मिळेल तेथे करून ठेवलेले बरे. ऐन तासाला नेट गेले की मुलांचा हिरमोड होतो. लायब्ररीबरोबर तयार नमुने येतात. त्यांतला 'एन्रोल' हा बोट नोंदवण्यासाठी, 'फिंगरप्रिंट' हा ओळखण्यासाठी आणि 'एम्प्टी डेटाबेस' हा नोंदी पुसण्यासाठी. आधी 'एन्रोल' पाटीवर चढवा, सीरियल मॉनिटर उघडा आणि त्याचा वेग ९६०० ठेवा. सेन्सर आणि आर्डुइनो आपसांत ५७६०० च्या वेगाने बोलतात. तो वेग नमुन्यात लिहिलेलाच असतो, तो बदलू नका. जोडणी बरोबर असेल तर सेन्सर सापडल्याचे वाक्य पडद्यावर येईल. न आल्यास टीएक्स-आरएक्सची अदलाबदल झाली आहे का ते प्रथम पाहा. दहांत नऊ वेळा दोष तेथेच असतो.

मग तो क्रमांक विचारतो. एक लिहा. बोट ठेवायला सांगतो, उचलायला सांगतो, पुन्हा तेच बोट ठेवायला सांगतो. दोनदा का? एकदा घेतलेल्या ठशात एखादा फाटा निसटतो किंवा धुळीचा कण फाटा म्हणून घुसतो. दोन्ही वेळा जे दिसले तेच खरे धरायचे, असा त्याचा हिशेब. साक्षीदार दोन असावेत, तसे हे. दोन ठसे एकमेकांशी जुळले नाहीत तर तो नोंद करण्यास नकार देतो. सेन्सरचे चित्र रुंदीला २५६ आणि उंचीला २८८ ठिपक्यांचे. एका इंचात सुमारे पाचशे ठिपके, म्हणजे एक ठिपका मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. एक सरी आणि एक वरंबा मिळून नऊ-दहा ठिपके पडतात. वरंबा झिजून अर्धा राहिला की त्याच्या वाट्याला दोन-तीन ठिपके येतात, आणि मग तो वरंबा आहे की कातडीची सुरकुती हे चिपला उमगत नाही.

आता 'फिंगरप्रिंट' हा नमुना चढवा आणि निरनिराळी बोटे लावून पाहा. या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे आहे. रेशनच्या रांगेत आपल्याला एकच वाक्य ऐकू येते, "लागत नाही." पण हा सेन्सर प्रत्येक नकाराला निराळा आकडा देतो आणि नमुना तो शब्दांत छापतो. आकडा दोन म्हणजे काचेवर बोटच नाही. आकडा सहा म्हणजे चित्र फार गोंधळाचे, गिचमिड; बोट ओले किंवा तेलकट असले, काच मळकी असली की हे होते. आकडा सात म्हणजे चित्र आले पण त्यात पुरेसे टोके-फाटे सापडले नाहीत. बोट कोरडे, झिजलेले किंवा नुसते टोकावर टेकलेले. आकडा नऊ म्हणजे चित्र चांगले, टोके-फाटेही पुरेसे, पण नोंदवलेल्या कुठल्याही बोटाशी ते जुळत नाही. सहा आला तर बोट पुसा, काच पुसा. सात आला तर बोटावर तोंडाची वाफ सोडा आणि पेराचा फुगीर मध्य काचेवर सपाट टेकवा. नऊ आला तर बोटाला दोष देऊ नका. बहुधा नोंदच दुसऱ्या बोटाची आहे, किंवा नोंद करतेवेळी ठसा नीट घेतला गेला नव्हता. चार निरनिराळ्या दुखण्यांना एकच नाव दिले की औषध चुकते.

यानंतर खरी परीक्षा. गावातल्या बारा मोठ्या माणसांना बोलवा. काही शेतकरी, काही भट्टीवर जाऊन आलेले, एखादे शिक्षक, एखादी म्हातारी, एखादे दुकानदार. प्रत्येकाचा एक अंगठा नोंदवा आणि मग प्रत्येकाला पाच वेळा ओळखायला लावा. वहीत आकडे लिहा. समजा साठ खेपांपैकी नऊ फसल्या. शेकडा पंधरा. आता नुसते पंधरा म्हणून वही मिटू नका. नऊ फसलेल्या खेपा कुणाच्या ते पाहा. समजा त्यांतल्या सात दोघांच्याच निघाल्या. म्हणजे त्या दोघांना दहांत सात वेळा नकार, आणि बाकी दहा जणांना पन्नासांत दोन वेळा. सरासरीने सगळ्यांचे दुःख सारखे वाटून टाकले होते. वहीने ते ज्याचे त्याला परत दिले. यंत्र "शंभरांत इतक्या वेळा चालते" असे कुणी सांगितले की कुणाच्या हातांवर पाहिले, हा प्रश्न विचारायला मुलांना येथेच शिकवता येते. गणिताच्या तासाला याहून चांगला शेकडेवारीचा धडा मला ठाऊक नाही.

सेन्सरला आणखी एक खुंटी असते, सुरक्षापातळीची, एक ते पाच. पाच वर ठेवली तर परका माणूस चुकून आत शिरणे अगदी अवघड, पण घरचा माणूस दाराबाहेर राहण्याचा संभव वाढतो. एकवर ठेवली तर उलट. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारी जागा त्या खुंटीवर नाही. खुंटी पिळणारा कुणी असो, त्याला ठरवावे लागते की कुठली चूक जास्त महाग. बँकेच्या तिजोरीला परका आत येणे महाग. धान्याच्या दुकानात मला उलटे वाटते. तेथे हक्काचे माणूस उपाशी परतणे अधिक महाग. तुमचे मत निराळे असू शकेल, पण खुंटी आहे आणि ती कुणीतरी माणूसच पिळतो, एवढे मुलांच्या ध्यानात यावे.

आपला सेन्सर आणि दुकानातले यंत्र यांत एक फरक आहे तोही सांगतो. आपला सेन्सर विचारतो, "हे बोट माझ्याकडच्या नोंदींपैकी कुणाचे?" दुकानातले यंत्र आधीच शिधापत्रिकेवरून माणूस निवडते आणि आधारच्या दूरच्या साठ्याला विचारते, "हे बोट या क्रमांकाच्या माणसाचेच का?" उत्तर येते हो किंवा नाही. म्हणजे तेथे आणखी एक कडी वाढली, नेटची. पाऊस, वीज, टॉवर, दूरचा साठा, यांपैकी कुठेही अडले तरी रांगेतल्या माणसाला वाटते आपलाच अंगठा गेला. यंत्राच्या पडद्यावर पुष्कळदा आकडा येतो. ३०० हा आकडा आला तर बोट जुळले नाही. ३३० आला तर त्या माणसाच्या आधारचे ठसे कुलूपबंद केलेले आहेत, बोटाचा काही दोष नाही. पडद्यावर काय आले ते दुकानदाराला विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. शाळेतल्या मुलाने आजीबरोबर जाऊन एवढे केले तरी तक्रार करताना हातात काही राहते.

मग करावे काय? पहिले, सगळी दहा बोटे सारखी झिजत नाहीत. कोयता धरणाऱ्याचा उजवा अंगठा झिजतो, पण डाव्या हाताची अनामिका पुष्कळदा शाबूत असते. आपले कुठले बोट चांगले लागते हे एकदा पाहून लक्षात ठेवावे. दुसरे, शिधापत्रिकेवर नाव असलेल्या घरातल्या कुणाही माणसाच्या बोटावर सगळ्या घराचे धान्य उचलता येते. म्हातारीलाच पाठवले पाहिजे असे नाही. तिसरे, रात्री हातांना खोबरेल लावावे, सकाळी साबणाने धुऊन पुसावे. कातडीचा मूळ साचा आतल्या थरात असतो. वरचा थर झिजला तरी हात विसावले की सुमारे महिन्याभरात नवा थर येतो आणि वरंबे पुन्हा त्याच जागी उभे राहतात. ज्याला दोन आठवडे सुट्टी मिळत नाही त्याला हे सांगणे थट्टा ठरेल, हे मला कळते.

म्हणूनच चौथी गोष्ट सर्वांत पक्की. केंद्र सरकारच्या अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना लेखी कळवले आहे की नेट नसणे, ठसा न जुळणे किंवा असल्या तांत्रिक कारणाने कुणाही लाभार्थ्याला धान्य नाकारू नये. दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून द्यावे. मोबाइलवर येणारा आकडा, जेथे सोय आहे तेथे डोळ्याच्या बुबुळाची तपासणी, कागदपत्र पाहून वहीत नोंद, असे ते मार्ग. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य ठरवले आहे, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. हा हक्क आजीचा आहे, अंगठ्याचा नव्हे. दुकानदाराशी भांडण्याचे कारण नाही. बिचारा पुष्कळदा त्याच यंत्राने गांजलेला असतो. पण तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेला अर्ज लिहिताना पत्राची तारीख आणि पडद्यावरचा आकडा दोन्ही घालावेत.

शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. पाच वर्षांखालील मुलाच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेतच नाहीत. ते पाचव्या वर्षी द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. हाताचे पेर वाढते, वरंबे तेच राहतात पण त्यांच्यामधले अंतर वाढते, म्हणून हा खटाटोप. नववी-दहावीतल्या मुलांचे नूतनीकरण राहिले असेल तर शिष्यवृत्तीच्या वेळी धावपळ होते. वर्गात आताच विचारून ठेवा.

आणि सावधगिरीचे दोन शब्द. शाळेच्या प्रयोगात मुलांचे ठसे नोंदवू नका. पेल्यातला प्रयोग त्यांना पुरेसा आहे. मोठ्यांचे घ्यायचे ते त्यांना आधी समजावून, त्यांच्या संमतीने. वहीत नाव लिहू नका, क्रमांक लिहा. आधार क्रमांक तर मुळीच विचारू नका. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. काम संपल्यावर सगळ्यांच्या समोर 'एम्प्टी डेटाबेस' चालवा आणि मग ज्यांचे ठसे घेतले त्यांच्यापैकीच एकाला पुन्हा अंगठा लावायला सांगा. पडद्यावर आकडा नऊचे वाक्य, म्हणजे जुळणारे काही सापडले नाही असे, येताना त्यांनी स्वतः पाहावे.

प्रयोग सावलीत करा. ऊन थेट काचेवर पडले तर सेन्सर आंधळा होतो. रेशनच्या दुकानात यंत्र दाराशी उन्हात ठेवलेले असेल तर तेही दोन हात आत सरकवायला सांगून पाहा. आणि जमल्यास हा प्रयोग वर्षातून दोनदा करा, एकदा जेठात आवणीपूर्वी आणि एकदा भट्टीवरची माणसे परत आल्यावर. दोन वह्या शेजारी ठेवून वाचण्याजोग्या होतील.